उसाची तोड, मोबाईलवरचा नकाशा आणि आपली पाणंद – कुणाला अनुभव आहे का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यात नदीकाठाला आमचा ऊस आहे, आडसाली, ८६०३२ जातीचा, गेल्या जुलैची लागण. परवा कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी घेणारा पोरगा, आला, मोबाईल हातात धरून बांधानं एक चक्कर मारली आणि म्हणाला झाली नोंद, तुमचं शेत नकाशावर आलं. यंदापासनं तोड म्हणे नकाशा बघून लागणार, ट्रॅक्टरलापण जीपीएस बसवणार. मी स्क्रीन बघितली तर क्षेत्र ९७ आर. सातबाऱ्याला ८६ आर आहे. अकरा आर कुठनं वाढलं ते त्या पोराला सांगता आलं नाही, मलाही कळंना.

विचारायचं कारण वेगळं आहे. गेल्या हंगामात दुसऱ्या तुकड्यातल्या उसाला तोड दीड महिना उशिरा आली. तुरं आलं, दशी पडली, कांडं मोडलं की मधी पांढरा भुसा. आमच्यामागनं लागण केलेला शेजारचा फड आधी गेला. वडील रोज संध्याकाळी पाणंदीच्या तोंडाला जाऊन उभं राहायचे, टोळी येतीय का बघायला. तेव्हा मला एवढंच सांगा, हे जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवरचा नकाशा, आणि सॅटेलाईट यानं तोडीची पाळी खरंच नीट लागती का? ज्यांच्याकडं दोनतीन वर्षं झालीत त्यांनी लिहा.

रंकाळ्याचा_वारा
अकरा आर फुकट मिळालं की भावा, पेढं वाट आधी 😄

आप्पा_करवीर
नकाशा कितीबी काढा, तोड ओळखीवर लागती. चाळीस वर्षं ऊस घालतोय. आधी वहीत नोंद होती, मग कॉम्प्युटर आला, आता मोबाईल आला. टोळीचा मुकादम आणि ड्रायव्हर एंट्री म्हणून वरचे पैसे मागतोय ते कुठल्या सॅटेलाईटमधनं दिसणार हाय? तुमच्या वडलांसारखं आम्हीबी पाणंदीला उभं राहिलोय, म्हणून बोलतोय.

साखळीमास्तर
मी भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. कृष्णाकाठ, तुमच्या अकरा आरांचा हिशोब अगदी सरळ आहे. ८६ आर म्हणजे ८६०० चौरस मीटर. शेत साधारण चौकोनी धरलं तर एक बाजू ९३ मीटर, म्हणजे सगळा घेर पावणेचारशे मीटरच्या आसपास. मोबाईलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटर चुकतो. त्यात तो पोरगा बांधाच्या बाहेरच्या अंगानं चालला असणार, कारण आतून ऊस अंगावर येतो. घेरभर तीन मीटर बाहेर गेलं की ३७० गुणिले तीन, झाले अकरा आर. कुणी काही लबाडी केलेली नाही.

आम्ही शंकू साखळीनं मोजायचो. साखळी ३३ फुटाची, तिचे सोळा आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. साखळी ताणून धरायला दोन माणसं, सैल सोडली की फाळणीत फरक पडायचा आणि पुढं दोन भावांत भांडण. त्यामुळं मोजमाप करणारा माणूस कुठनं चालला हे तेव्हाही महत्त्वाचं होतं, आजही आहे.

आणि एक लक्षात ठेवा. मोबाईलवर काढलेल्या चक्करीला हद्दीच्या कामात काहीही किंमत नाही. ती फक्त कारखान्याच्या अंदाजासाठी. हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणीच मागवायची, आता ती रोव्हर नावाच्या उपग्रहावर चालणाऱ्या मोजणी यंत्रानं होते आणि सेंटीमीटरात बसते.

कृष्णाकाठ
मास्तर, एवढं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. खरंच तो बाहेरच्या पाणंदीनंच फिरला होता.

नकाशावाला_पोरगा
मी शिवाजी विद्यापीठात भूगोल केला, सध्या पुण्यात याच कामात आहे, गाव पन्हाळा तालुक्यात. मास्तरांच्या हिशोबाला एक जोडतो. युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह आहेत, त्यांची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरनं जातात. त्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरचा बरोबर एक आर. कृष्णाकाठ दादांचं शेत म्हणजे ८६ ठिपके. लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, त्यात नऊ आर एकत्र, म्हणजे दहा गुंठ्याचा तुकडा असला तर त्यात शेजाऱ्याचा ऊस, बांधावरचं झाड, विहीर सगळं मिसळून जातं. आपल्याकडं तुकडे किती बारीक आहेत ते तुम्हाला माहीतच आहे, म्हणून हेक्टरात शेती असलेल्या देशातली पद्धत इथं जशीच्या तशी चालत नाही.

आता पाळीचं. उपग्रहाला शेत हिरवं आहे का, पाण्याचा ताण आहे का, फड तुटला का उभा आहे एवढं कळतं. त्यासाठी एनडीव्हीआय वापरतात, पान लाल उजेड शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं, त्या दोघांतल्या फरकाचा आकडा. पण ऊस एकदा डोक्यावर गेला की हा आकडा वर जाऊन अडकतो, दहा महिन्यांचा ऊस आणि चौदा महिन्यांचा ऊस जवळपास सारखाच दिसतो. त्यामुळं पक्वता फक्त त्यावर ठरवतो असं कुणी म्हणालं तर लगेच विश्वास ठेवू नका. लागणीची तारीख खरी पाहिजे. ती चुकीची नोंदली गेली असेल तर नकाशा कितीही झकास असला तरी पाळी चुकणारच.

खोडवा८६
+१. आमच्याकडं लागणीची तारीख सगळ्यांची "१५ जुलै" अशीच टाकलेली निघाली. नोंद घेणाऱ्यानं एकाच दिवशी बसून भरलेली.

दोन_ट्रॉल्या
मी कागल तालुक्यातला, ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या, बारा वर्षं ऊस वाहतूक. शेतकरी सगळे तोडीबद्दल बोलत्यात, तोड झाल्यावरचं कुणी बोलत नाही म्हणून मी लिहितो, जरा मोठं होईल.

मॅपमधी जवळचा रस्ता दाखवतोय तो को. प. म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरनं. नऊ किलोमीटर. अहो हंगामात बंधाऱ्याला पाणी अडवायचे बर्गे घातलेले, वरनं जायला एक गाडी कशीबशी, कठडा नाही, त्यावरनं वीस टन माल घिऊन दोन ट्रॉल्या कोण नेणार? आम्ही पुलावरनं फिरून जातोय, सतरा किलोमीटर. एका हंगामात आमची बिलं त्या नऊ किलोमीटरनं निघाली. का तर ऑफिसात बसलेल्यानं मॅपवर मापलेलं. कारखाना कुठला ते सांगत नाही, नंतर त्यांनी आमचंच जीपीएसचं रेकॉर्ड बघून दुरुस्त केलं. म्हणजे ज्या यंत्राला आम्ही घाबरलो होतो त्यानंच आमचे पैसे परत आणले. आप्पा, तुमचं एंट्रीचं म्हणणं खरं हाय, मी नाकारत नाही, पण हेबी खरं हाय.

दुसरं म्हणजे यार्ड, कारखान्यात गाड्या नंबर लावून थांबत्यात ती जागा. टोळी पहाटे फडात उतरती, दुपारपर्यंत मोळ्या बांधून होत्यात, तीनचारला भरणी. म्हणजे सगळ्या गाड्या संध्याकाळी सहा ते नऊ एकदम. हिशोब करा, कारखाना दिवसाला पाच हजार टन गाळतोय, एका खेपंला वीस टन, म्हणजे अडीचशे खेपा, तासाला दहा-अकरा गाड्याच गव्हाणीत, म्हणजे ऊस टाकायच्या जागी, रिकाम्या होणार. संध्याकाळी तासाभरात चाळीस आल्या तर शेवटच्याला चार तास नुसतं बसायचं, आणि पुढच्या तासाला आणखी चाळीस आल्या तर रात्र तिथंच. मी एकदा एकोणीस तास थांबलोय. ट्रॉलीखाली पोतं टाकून झोपलो, पहाटे दव पडून पोतं भिजलं, उठून चहा प्यायला गेलो तर तेवढ्यात नंबर पुढं गेला. त्या एकोणीस तासात ऊस वाळतोय, वजन घटतंय, साखर उतरतीय, नुकसान शेतकऱ्याचं आणि कारखान्याचंबी.

जीपीएसचा खरा उपयोग इथं करा. कुठल्या गटातनं किती गाड्या भरून निघाल्या, किती वाटंत आहेत हे दिसतंय ना, मग मागच्या गटाला सांगा की आज भरणी दोन तास उशिरा करा. गाडी यार्डात उभी राहण्यापेक्षा ऊस फडात उभा राहिलेला बरा.

रंकाळ्याचा_वारा
मॅपमधली बाई मला एकदा म्हणाली "उजवीकडे वळा". उजवीकडं विहीर.

दोन_ट्रॉल्या
@रंकाळ्याचा_वारा हसू नका, आमच्या एका ड्रायव्हरला रात्री खरोखर तसं झालंय, नवीन पोरगं होतं, कडंला थांबलं म्हणून वाचलं.

चंदगडी
आमच्या डोंगराळ भागात तर सरळ रेषेचं अंतर म्हणजे काहीच नाही. दोन कारखान्यांमधी हवाई अंतर २५ किलोमीटर पाहिजे असा महाराष्ट्रात नियम आहे, केंद्राचा १५ चा. ते अंतर भारतीय सर्वेक्षण विभागाकडनं मोजून घेतात. पण पाखरू जाईल तसं पंचवीस आणि ट्रॅक्टर जाईल तसं पंचवीस यात जमीन-अस्मानाचा फरक. मधी एक डोंगर, एक खोरं, एक नदी आली की पंचवीसचे चाळीस होतात. आमचा ऊस लांबनं येतो म्हणून टोमणे मारतात, पण रस्ताच तसा आहे त्याला शेतकरी काय करणार?

खोडवा८६
त्यात तोडणी-वाहतूक एफआरपीतनं, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरातनं, वजा होती ती सगळ्यांची सरासरी काढून. म्हणजे कारखान्याच्या भिंतीला लागून शेत असलेला माणूसपण साठ किलोमीटरवरच्या उसाचं भाडं भरतोय. जीआयएसमुळं प्रत्येकाचं खरं अंतर कळायला लागलं तर हा प्रश्न लोक विचारणारच.

चंदगडी
@खोडवा८६ आणि मग आम्ही लांबचे काय करायचं? जवळ कारखाना काढायला हवाई अंतर आडवं येतंय, लांब घालावा तर भाडं जास्त. सरासरी मोडली तर डोंगराकडचा छोटा शेतकरी ऊसच सोडून देईल. हे नुसतं नकाशाचं काम नाही दादा.

खोडवा८६
तुमचं म्हणणं पटतंय, मी एवढ्या बाजूनं विचार केला नव्हता. लांबचा माणूस मरावा असं माझं म्हणणं नाही, हिशोब उघडा असावा एवढंच.

दूधगाडी_पहाटची
उसाचं चाललंय पण थोडं दुधाचं सांगतो. मी दूध संकलनाची गाडी चालवतो, सकाळ-संध्याकाळ दोन खेपा, दूध थांबत नाही, ऊस एक दिवस थांबेल. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरात पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोलीजवळ पाणी आलं, कोल्हापूर शहर बेटासारखं झालं, किती गावात दूध ओतून द्यावं लागलं ते आम्ही डोळ्यानं बघितलंय.

माझ्याकडं एक वही आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली की कुठला रस्ता बंद होतो ते मी २००५ पासून लिहून ठेवतोय. इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३, हे रेडिओवर सगळ्यांना ऐकू येतं. पण आमच्या कामाचं त्याच्या आधीचं असतं. कुठला बंधारा आधी बुडतो, कुठल्या गावच्या ओढ्याला फुगोटी येऊन मागनं पाणी चढतं, कुठला रस्ता दिसायला उंच आहे पण मोरीजवळ खचका आहे. गेल्या वर्षी माझ्या मुलीनं, ती बीएस्सीला आहे, ती वही घेऊन क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात सगळे रस्ते टाकले आणि प्रत्येक तुकड्याला माझा फुटाचा आकडा दिला. आता ती फुटाचा आकडा बदलते तसे रस्ते लाल होत जातात. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी गप्पच झालो. इतक्या वर्षांची वही समोर हलायला लागली होती. यंदा पावसाळ्यात दूध संघाच्या बाकीच्या ड्रायव्हरना पण पाठवलं. दोन रस्त्यांचे आकडे चुकलेत म्हणून त्यांनी सांगितलं, तिकडं नवीन भराव झालाय, ते दुरुस्त केले.

नकाशावाला_पोरगा
काका, हे फार मोठं काम आहे, मनापासून सांगतो. उंचीचे फुकट आकडे मिळतात ते ३० मीटरच्या ठिपक्याचे आणि त्यात काही मीटरची चूक असते. पुराच्या पाण्याला अर्धा मीटरही खूप झाला. मोरीजवळचा खचका कुठल्याच उपग्रहाला दिसणार नाही, तो तुमच्या वहीतच आहे. पावसाळ्यात तर साधी चित्रं ढगानं पांढरीच येतात, जून ते सप्टेंबर आपल्याकडं एक स्वच्छ चित्र मिळायची मारामार. तेव्हा रडारवाला सेंटिनेल-१ बघायचा, त्याला ढग आडवा येत नाही, साचलेलं पाणी काळं दिसतं. मुलीला सांगा त्यावरनं २०२१ चं पाणी काढून तुमच्या आकड्यांशी ताडून बघायला. अडलं तर मला व्यनि (खासगी निरोप) करायला सांगा.

दूधगाडी_पहाटची
आजच सांगतो. तुमचे उपकार होतील.

गडहिंग्लजची_लेक
सगळं वाचतेय, शिकायला मिळतंय. पण एक विचारते. शेत नकाशावर आलं की त्यावर नाव कुणाचं पडतं? आमच्याकडं नवरा वारल्यावर जमीन मी कसते, सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचं नाव, कारखान्यातली नोंद दिरांच्या नावावर. चिटबॉय दिरांना फोन करतो, तोडीचा निरोप मला शेजारणीकडनं कळतो. वाट्यानं करणाऱ्यांचंही तेच. कसणाऱ्याचा फोन नंबर तरी त्या चौकोनाला जोडा, मालकीचं नंतर बघू. ई-पीक पाहणीत पीक उभं असलेल्या जागी जाऊन फोटो काढावा लागतो, तो मीच काढते दरवर्षी, तिथं मी चालते मग इथं का नाही?

आणि टोळीचं पण कुणी लिहिलं नाही. बीडकडनं बायका पोरं घेऊन येतात, खोप (राहायची झोपडी) कुठं घालायची, प्यायचं पाणी कुठं, हे तिथं पोचल्यावर शोधतात. शेताचा नकाशा काढताच आहात तर पाण्याची जागा पण टाका की त्यावर.

आप्पा_करवीर
लेकी, खरं बोललीस. ह्या दोन गोष्टी झाल्या तर मी माझं मत बदलीन.

साखळीमास्तर
ताईंच्या वारस नोंदीचं रखडू देऊ नका, तलाठ्याकडं अर्ज करून पोच घ्या, हल्ली ऑनलाईनही करता येतो. कागद कुठले लागतील ते व्यनि करा, मी लिहून देतो.

कुणीतरी विचारण्याआधी सांगतो, महाभूनकाशावरच्या रेषा उपग्रहाच्या चित्रावर टाकल्या तर काही ठिकाणी सरकलेल्या दिसतात. जुने गाव नकाशे साखळीनं मोजून कागदावर काढलेले, त्यांना अक्षांश-रेखांश नव्हते, नंतर बसवलेत. रेष शेजाऱ्याच्या विहिरीवर गेली म्हणून विहीर तुमची होत नाही. या कारणावरनं झालेली भांडणं मी मिटवलीत.

खोडवा८६
मास्तर, आणखी एक. आमच्या गटातली यादी एक्सेलमधनं नकाशावर टाकली तर निम्मी शेतं गायबच. शोधून शोधून कळलं की अक्षांश आणि रेखांशाचे रकाने उलटे पडले होते. १६ च्या जागी ७४ आणि ७४ च्या जागी १६. शिरोळचा ऊस नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात.

रंकाळ्याचा_वारा
तिथनं तोडणी-वाहतूक किती बसंल? 😂

नकाशावाला_पोरगा
ही चूक नेहमीची आहे. दुसरी म्हणजे आकडे छोटे करणं. दशांशचिन्हानंतर तीनच आकडे ठेवले तर शेत शंभर मीटर इकडंतिकडं सरकतं, पाच ठेवले तर साधारण एक मीटर. एक्सेलमध्ये कुणी "नीट दिसत नाही" म्हणून आकडे कापले की अख्ख्या गटाचा ऊस शेजारच्या गटात.

कृष्णाकाठ दादा, तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. पाळी नकाशा लावत नाही, माणूस लावतो. नकाशानं एवढंच होतं की लागणीची तारीख, जात, क्षेत्र आणि फड तुटल्याची तारीख एका जागी येतात आणि उशिरा लावलेला फड आधी तुटला तर ते रंगात दिसतं. दिसलं तर विचारता येतं. पण त्यासाठी तो नकाशा शेतकऱ्यालाही दिसला पाहिजे. फक्त गट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर राहिला तर आप्पा म्हणतात तेच होणार.

कृष्णाकाठ
सगळ्यांचं वाचून चिटबॉयला परत बोलावलं. चांगला पोरगा आहे, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मास्तरांना फोनवर घेतलं. ते म्हणाले चालत फिरू नका, चार कोपऱ्याच्या दगडांवर एक एक मिनिट मोबाईल स्थिर धरून उभं राहा आणि मगच बिंदू घ्या. तिसऱ्या कोपऱ्याचा दगड गवतात सापडंना, वडलांनी पायानं चाचपून काढला, त्यांच्या वडलांनी दाखवलेला म्हणे. क्षेत्र आलं ८८. लागणीची तारीख बघितली तर माझीपण १५ जुलै टाकलेली, खरी ४ जुलै, बेण्याची पावती दाखवून बदलून घेतली. पाणंदीचं तोंड, ट्रॉली वळायची जागा आणि हातपंप असे तीन बिंदू जादा टाकले, ताईंचं आणि ट्रॉलीवाल्या दादांचं वाचून.

गट ऑफिसात अर्ज दिलाय की आमच्या गावाची लागण तारखेप्रमाणं यादी विकास सोसायटीच्या फळ्यावर लावा. साहेब म्हणाले बघतो. त्रेचाळीस सह्या झाल्यात.

आप्पा_करवीर
यादी लागली का सांगा. आमच्या गावातबी तसाच अर्ज करू.

दोन_ट्रॉल्या
ट्रॉली वळायची जागा टाकलीसा हे लई भारी काम केलासा. बांधाची वीज तार खाली आली असंल तर तीबी टाका, वर भरलेल्या मोळ्यांना लागती.

कृष्णाकाठ
तार आहे एका जागी. रविवारी सकाळी गावातली सगळी पाणंद चालून टाकणार आहोत, वाड्याकडच्या वडापासून सातला सुरुवात. नकाशावाले भाऊ, तुम्ही गावाकडं येणार असलात तर या. आणि ज्यांच्याकडं पॉवर बँक असेल त्यांनी घेऊन या, माझ्या मोबाईलची बॅटरी तासभरच टिकती.